कार्ड कपाटात, नाव बाजारात

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका वहिनींनी घरघंटी घ्यायचं मनावर घेतलं. त्यांचं नाव सांगत नाही. ‘‘ताई, लिहा जरूर, पण माझं नाव नको,’’ असं त्यांनीच बजावलंय. वहिनी गेली सहा वर्षं पोळ्या करून देतात. सकाळी साठ, संध्याकाळी चाळीस. दळण बाहेरून आणण्यात वेळही जातो आणि पैसाही. घरघंटी आली तर स्वतःचं दळण सुटेल, वर शेजारपाजारच्या दळणाचे चार पैसे मिळतील, असा साधा हिशेब. गटाच्या हप्त्यात त्यांचा एकदाही खाडा नाही. त्यामुळे कर्ज मिळणारच, या खात्रीनं मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले.

टेबलावरच्या मुलीनं संगणकात पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि आवाज खाली करून विचारलं, ‘‘मावशी, तुमची आधीची दोन कर्जं थकलीत, ती भरणार आहात का?’’

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. कुठली कर्जं? एक साडेचार हजारांचं आणि एक बारा हजारांचं. दोन्ही मोबाइलवरच्या कर्जवाल्यांची. नावंसुद्धा आम्ही दोघींनी कधी ऐकलेली नव्हती. अकरा महिन्यांपासून एक पैसा भरलेला नाही, असं त्यात दिसत होतं. पॅन क्रमांक वहिनींचा, आधार वहिनींचं, जन्मतारीख वहिनींची. मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, ‘‘हे निस्तरा आधी, मग या.’’

आता मी काही संगणकातली जाणकार नव्हे. बी.ए. झाले तेव्हा आमच्या कॉलेजात संगणक एका खोलीत कुलूपबंद असायचा आणि चपला काढून आत जावं लागायचं. पण ही गोष्ट समजून घेण्यासाठी जाणकार असावं लागत नाही, हे मला नंतर कळलं.

बँकेत झालं ते काहीच नाही, असं त्या दिवशी घरी गेल्यावर झालं. वहिनींचे यजमान टेम्पो चालवतात. माणूस वाईट नाही, दारू नाही, मारहाण नाही. पण ‘तुझ्या नावावर साडेसोळा हजारांचं कर्ज आहे’ हे ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : ‘‘कुणाला दिलेस?’’ आणि पाठोपाठ, ‘‘माहेरी दिलेस ना?’’ वहिनींच्या भावाचं त्याच सुमारास घर बांधून झालं होतं. झालं! दोन आणि दोन पाच करायला कितीसा वेळ लागतो? सासूबाईंनी बोलणं टाकलं. वहिनी मला म्हणाल्या, ‘‘ताई, पैसे गेले असते तरी चाललं असतं. हे मला चोर म्हणतायत.’’

घरात चोरी झाली तर शेजारी धावत येतात, सांत्वन करतात. बाईचं नाव चोरीला गेलं तर पहिला संशय तिच्यावरच येतो. कारण वस्तू तर कुठेच गेलेली नसते! मंगळसूत्र गेलं तर गळा रिकामा दिसतो. आधार कार्ड कपाटात जिथल्या तिथे आहे, पॅन कार्ड पर्समध्ये आहे, फोन हातात आहे. मग चोरी झाली, हे सांगायचं कसं आणि पटवायचं कुणाला?

मी आणि वहिनी दोन दुपारी आठवत बसलो. कुणाला कागद दिले होते? शाळेत, रेशनवाल्याला, गॅसवाल्याला, भिशीत, मुलाच्या शिष्यवृत्तीला... यादी संपेना. आणि मग त्या एकदम म्हणाल्या, ‘‘पेन्सिलीचं काम!’’

तुमच्यापैकी अनेकींनी ती जाहिरात पाहिली असेल. ‘घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करा, महिना तीस हजार कमवा, माल घरपोच.’ खाली एका नामांकित कंपनीचं चित्र. वहिनींनी फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय गोड मराठी बोलत होता, ‘ताई ताई’ करत होता. नोंदणीचे ३५० रुपये मागितले, ते दिले. मग कंपनीचं ओळखपत्र बनवायला आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो, पॅनचा फोटो आणि कार्ड हातात धरून काढलेला स्वतःचा फोटो, असं सगळं व्हॉट्सअॅपवर मागवलं. तो फोटो त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलानं काढला. ‘‘आता एक सहा आकडी नंबर येईल, तो वाचून दाखवा, म्हणजे माल निघेल,’’ असं तो म्हणाला. वहिनींनी वाचून दाखवला. एकदा नाही, तीनदा.

माल काही आला नाही. फोन बंद झाला. ३५० रुपये बुडाले म्हणून वहिनी आठवडाभर हळहळल्या आणि घरात कुणाला बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं चोरी तेवढीच होती. ३५० रुपये तर त्या भामट्याला चहापाण्याला लागले असतील. खरा ऐवज होता ते चार फोटो आणि ते तीन नंबर.

त्या तीन नंबरांनी काय झालं, ते आमच्या वस्तीजवळच्या सायबर पोलिसांनी नंतर समजावून सांगितलं. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर जो ओटीपी येतो तो म्हणजे आपली सही. तो सांगितला की पलीकडच्याला ‘मीच ती बाई’ असं म्हणता येतं. वहिनींच्या नावानं एक बँक खातं घरबसल्या ऑनलाइन उघडलं गेलं. डिजिटल कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच खात्यात जमा करावी, असा रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केला आहे. नियम चांगलाच आहे. पण खातंच मुळी बनावट माणसाच्या हातात असलं, तर नियम काय करणार? कर्ज ‘वहिनींच्या’ खात्यात आलं आणि तिथून पसार झालं.

‘‘कर्जापेक्षा त्या खात्याची काळजी करा,’’ असं ते पोलीस म्हणाले. मी विचारलं, का? तर म्हणे, अशा खात्यांतून दुसऱ्यांना फसवून आणलेला पैसा फिरवतात. मग तपास करत पोलीस येतात ते खात्यावर नाव असलेल्याच्या दारात. हे ऐकून वहिनींच्या हातापायातलं बळच गेलं. पोळपाटापलीकडे ज्यांनी जग पाहिलं नाही, त्या बाईच्या नावावर कुठल्याशा शहरात काळा पैसा फिरत असू शकतो!

असं फक्त भोळ्याभाबड्या, कमी शिकलेल्या बायकांचंच होतं, असं समजू नका. २०२२ च्या फेब्रुवारीत अनेकांना आपल्या पॅन क्रमांकावर परस्पर काढलेली छोटी छोटी कर्जं सापडली. त्यात एक प्रसिद्ध अभिनेत्रीही होती. तिच्या नावावर २००० रुपयांचं कर्ज! आणि आपल्या राज्यातलंच उदाहरण हवं तर ‘लाडकी बहीण’चं घ्या. २०२४ च्या जुलैत योजना सुरू झाली, महिना १५०० रुपये. नवी मुंबईतल्या एका महिलेचा अर्ज काही केल्या स्वीकारलाच जाईना. चौकशी केली तेव्हा कळलं की तिच्या आधार क्रमांकावर कुणीतरी आधीच अर्ज भरलाय आणि पैसेही उचललेत. त्या धाग्यावरून पोलीस सातारा जिल्ह्यापर्यंत पोचले. तिथे एका नवरा-बायकोला पकडलं. वेगवेगळ्या बायकांचे आधार क्रमांक आणि फोटो मात्र एकाच बाईचे, साड्या बदलून, केसांची ठेवण बदलून काढलेले, असे तिसाच्या आसपास अर्ज भरल्याचा आरोप त्यांच्यावर होता. ही बातमी वाचताना मला आधी हसू आलं. साड्या बदलून! मग हसू गेलं. त्या बाकीच्या बायकांना तोवर आपला क्रमांक वापरला गेलाय हे ठाऊकही नसणार.

देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, एका आदिवासी महिलेला. ज्या बाईच्या नावावर ना घर, ना शेत, ना वीजबिल, तिलाही ‘मी अमुक’ असं सांगता यावं, हा विचार मला तेव्हाही आवडला होता आणि आजही आवडतो. बँकेच्या पायऱ्या चढायला घाबरणाऱ्या आमच्या गटातल्या बायकांची खाती त्याच कार्डावर उघडली. म्हणून ‘आधारच वाईट’ असा सूर मी लावणार नाही. दोष आहे तो आपण ते वाटत सुटतो त्याचा.

आणि ‘आपण’ म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. उलट, पहिला नंबर माझा.

पोलिसांकडून आले त्या संध्याकाळी मी थेट माळ्यावर चढले. तिथे साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी आहे. २०१७ पासून आमच्या गटातल्या बायकांची जी जी कामं मी केली, गटाचं खातं, विमा, गॅस जोडणी, शिधापत्रिका, त्या सगळ्याच्या ‘एक जादा’ झेरॉक्स त्या पिशवीत आहेत. लागतील कधीतरी म्हणून! चौदा बायकांचे आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो. काही कोऱ्या अर्जांवर तर नुसत्या सह्या आणि अंगठे घेऊन ठेवलेले. दरवेळी त्यांना यायला नको म्हणून. गेल्या दिवाळीत साफसफाई करणाऱ्या मुलानं ती पिशवी रद्दीत काढून ठेवली होती. रद्दीवाला दारात उभा होता. मीच कशीबशी ‘राहू दे ती’ म्हणाले. ती गेली असती तर? रद्दीत गेलेल्या कागदाची भेळेची पुडी होते, एवढंच आपल्याला माहीत. त्या पुड्यांवर कुणाचं पॅन, कुणाचं पासबुक आहे हे वाचणारे लोकही आहेत.

पिशवी तरी बरी. माझ्या फोनच्या गॅलरीत दोनशेच्या वर कागदांचे फोटो निघाले. योजनेचे अर्ज भरताना मीच सगळ्यांना सांगितलं होतं, ‘‘ग्रुपवर टाका गं फोटो, मी बघते.’’ त्या ग्रुपवर एकसष्ट जणी. त्यातल्या किती फोनमध्ये ते फोटो आपोआप साठले, ते फोन पुढे कुणी वापरले, कुणी विकले, दुरुस्तीला कुणाच्या दुकानात पडले, देव जाणे. वहिनींना मी ‘असं कसं हो पाठवलंत तुम्ही?’ असं बँकेच्या बाहेर म्हणाले होते. त्या वाक्याची मला फार लाज वाटली.

माझी लेक म्हणाली, ‘‘आई, तू तर चालतंबोलतं सेतू केंद्र आहेस, फक्त कुलूप नसलेलं.’’

असो. पुढचा महिनाभर आम्ही जे केलं ते सांगते. त्यातलं तुमच्या उपयोगाचं तुम्ही उचला.

सगळ्यात आधी झेरॉक्सचं. द्यायची की नाही, याबद्दल सरकारचाही एकदा गोंधळ झाला होता. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयानं ‘झेरॉक्स कुणाला देऊ नका’ असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत ‘लोकांचा गैरसमज होईल’ म्हणून ते मागे घेतलं गेलं. ‘नेहमीची सावधगिरी बाळगा’ एवढाच सल्ला उरला. ही नेहमीची सावधगिरी म्हणजे काय, ते मात्र आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. मी आता झेरॉक्सवर आडवं, अक्षरांवरून जाईल असं, पेनानं लिहिते : ‘फक्त गॅस जोडणीसाठी’ आणि तारीख. कोपऱ्यात नाही बरं का, कोपरा कापता येतो. यानं भामटा थांबेलच असं नाही, पण तोच कागद दुसऱ्या कामाला वापरणं अवघड होतं.

शिवाय आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘मास्क्ड आधार’ मिळतं. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. जिथे नुसती ओळख पटवायची आहे, म्हणजे लॉजमध्ये किंवा सोसायटीच्या कार्यालयात, तिथे ते द्यावं. सरकारी योजनेत पूर्ण क्रमांक लागतो, तिथे इलाज नाही. हे कार्ड नेट कॅफेत उतरवून घेतलंत, तर छापून झाल्यावर त्यांच्या संगणकावरून ती फाइल पुसल्याशिवाय उठू नका. फाइलला पासवर्ड असतो हे खरं, पण तो असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली दारावरच टांगलेली!

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तुमच्या आधारला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? शुक्रवारच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारला. चौदापैकी पाच जणींचा नवऱ्याचा, दोघींचा मुलाचा, तिघींना ठाऊकच नाही! एकीचा निघाला तो चार वर्षांपूर्वी बंद पडलेला नंबर. रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला नंबर काही काळानं, किमान ९० दिवसांनंतर, कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे आपली ओटीपीरूपी सही कुणा भलत्याच्याच फोनवर पोचायची. नवऱ्याचा नंबर असणं हा गुन्हा नाही. पण संसारात सगळं कायम गोडच राहील याची हमी कुणी दिलीय? आमच्या गटातल्या एकीला वेगळं राहायची वेळ आली, तेव्हा स्वतःचं आधार वापरायलाही तिला त्याच नवऱ्याला फोन करून नंबर विचारावा लागत होता. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे त्यांनी आधार केंद्रात जाऊन आपलाच नंबर जोडून घ्यावा. जुना मोबाइल नंबर सोडण्याआधी बँक, गॅस, आधार, सगळीकडे बदलून मगच सोडावा.

आपल्या नावावर किती सिम कार्डं आहेत हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. २०२३ सालापासून ही सोय आहे. आपल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि यादी दिसते. एका व्यक्तीच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ जोडण्या असू शकतात, हे मला तेव्हाच कळलं. वहिनींच्या नावावर तीन निघाली. एक त्यांचं, एक मुलाचं. तिसरं? तिथल्या तिथेच ‘हा नंबर माझा नाही’ असं कळवायची सोय आहे, ते केलं. माझ्या नावावरही एक अनोळखी निघालं की काय म्हणून धस्स झालं, पण ते सासऱ्यांचं होतं. ते जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचा नंबर अजून माझ्या नावावर जिवंत होता.

कर्जाचं कळायला आपला क्रेडिट अहवाल पाहावा लागतो. सिबिल हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत. सिबिलखेरीज एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येकीनं वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल आपल्याला फुकट द्यायचा असतो. ‘मला कुठं कर्ज काढायचंय, मी कशाला बघू?’ असं आमच्या काही जणी म्हणाल्या. अहो, ज्यांना काढायचं नाही त्यांनीच बघायचा! कर्ज न काढणाऱ्या बाईच्या नावावर कर्ज आहे हे कळणार कसं? आम्ही संक्रांतीला वाण लुटतो ना, तसा संक्रांतीचा दिवस या कामाला ठरवून टाकलाय. तिळगूळ घ्या आणि अहवाल बघा.

अंगठ्याचं जरा वेगळं आहे. गावाकडे बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा ठेवला, आधार क्रमांक सांगितला की खात्यातले पैसे मिळतात, ओटीपी लागत नाही. म्हाताऱ्या माणसांना ही मोठीच सोय आहे. पण ठशाची नक्कल झाली तर? जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून रबरी अंगठे बनवून सिम कार्डं सुरू केल्याचं प्रकरण २०१८ साली हैदराबादेत उघडकीला आलं. नंतर नकली ठशांवर खात्यातून पैसे काढल्याच्या तक्रारीही वेगवेगळ्या राज्यांतून आल्या. आधारच्या संकेतस्थळावर आपले ठसे ‘लॉक’ करून ठेवता येतात, हवे तेव्हा तात्पुरते उघडता येतात. मी माझे केलेत. पण माझ्या गावच्या आत्याबाईंना करू दिले नाहीत. दर महिन्याला त्या अंगठा लावूनच पैसे काढतात, त्यांना ते उघडायला कोण बसलंय? त्यांना एवढंच सांगितलंय की यंत्रावर दोनदा अंगठा मागितला तर पहिल्या वेळी काय झालं ते विचारा, आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका.

ओटीपीबद्दल इतकं सांगून झालंय की आता लिहायचा कंटाळा येतो. तरी सांगते. संदेशात तो कशासाठी आहे हे लिहिलेलं असतं. आपण आकडे तेवढे वाचतो. वहिनींच्या फोनमध्ये ते जुने संदेश अजून होते. त्यांत आधारचं नाव स्पष्ट होतं, पेन्सिलीचं नावसुद्धा नव्हतं. इंग्रजीत होते म्हणून त्यांनी वाचले नाहीत. मुलाला वाचायला सांगायचं सुचलं नाही, कारण पलीकडचा माणूस ‘लवकर सांगा ताई, वेळ संपेल’ असं घाई करत होता. घाई हेच त्या लोकांचं हत्यार.

आता वहिनींचं पुढे काय झालं ते. खात्यातून पैसे गेले असते तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करायचा असतो. जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची आशा. इथे गोष्ट जुनी होती, त्यामुळे राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवली आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथले एक साहेब म्हणाले, ‘‘यात तुमचे पैसे कुठं गेलेत? तक्रार कसली?’’ तेव्हा मी पर्समधला कागद काढला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क. दुसऱ्याची ओळख लबाडीनं वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पैसे गेलेच पाहिजेत असं त्यात कुठंही नाही. साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि तक्रार घेतली. कागद आपल्याकडे असला की आवाज आपोआप स्थिर होतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

मग ती पोच जोडून दोन्ही कर्जवाल्यांना आणि अहवाल देणाऱ्या कंपन्यांना लिहिलं, की हे कर्ज आमचं नाही, नोंद काढा. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली काढली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेनं २०२३ साली नियम केला आणि तो २०२४ च्या एप्रिलपासून लागू झाला. हे आम्ही पत्रात मुद्दाम लिहिलं. त्यानंही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

एका कर्जवाल्याचं उत्तर अठराव्या दिवशी आलं. ‘कर्ज तुम्हीच घेतलंय, हा पुरावा,’ म्हणून त्यांनी कागद जोडले होते. त्यात वहिनींचा फोटो होता. डोक्यावर पदर, हातात कार्ड, मागे दिवाणखान्यातलं गणपतीचं कॅलेंडर. वहिनींनी तो कागद यजमानांपुढे ठेवला. यजमान फोटोकडे बघून काही बोलले नाहीत. तेव्हा मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, हा फोटो मीच काढलाय. पेन्सिलवाल्यांना पाठवायला. आईनं मला नवीन वही घेऊन देईन म्हटलं होतं, पहिल्या पगारातून.’’ यजमानांनी मग खालचा मोबाइल नंबर वाचला, खातं वाचलं. दोन्ही अनोळखी. वहिनी सांगतात, ते माफी वगैरे काही म्हणाले नाहीत. रात्री जेवताना आईकडे बघून एवढंच म्हणाले, ‘‘हिच्या भावाला उगाच बोललो आपण.’’ सासूबाई दुसऱ्या दिवशीपासून बोलायला लागल्या.

बारा हजारांची नोंद निघाली. साडेचार हजारांची अजून आहे. त्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं, आता लोकपालाकडे अर्ज टाकलाय. ते अनोळखी खातं बँकेनं गोठवलं, तसं पत्र वहिनींनी पॉलिथिनच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवलंय. घरघंटी अजून यायची आहे.

माझ्या माळ्यावरची पिशवी मात्र रिकामी झाली. फाडून टाकले असते तर तुकडे जुळवता आले असते, आणि जाळायला सोसायटीत परवानगी नाही. म्हणून सगळ्याजणी जमून दोन बादल्या पाण्यात ते कागद रात्रभर भिजवले आणि सकाळी हातानं मळून लगदा केला. लहानपणी आजी असा लगदा करून सुपं-टोपल्या लिंपायची. सह्या केलेले कोरे अर्ज प्रत्येकीनं आपापल्या हातानं पाण्यात टाकले. गटाच्या हजेरीपुस्तकात आता एक नवा रकाना आखलाय : कागद कुणाला दिला, कशासाठी, कधी. पहिल्या ओळीत माझंच नाव आहे. घरमालकांना भाडेकराराच्या नूतनीकरणासाठी आधारची एक प्रत, आडवं लिहून, तारखेसह.